ईएमटीची परीक्षा द्यायची म्हणताय? कोल्हापूरच्या पोरापोरींसाठी अभ्यासाची वाट

बारावी झाली, कुणीतरी सांगितलं ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स कर, अँब्युलन्सवर किंवा कॅज्युअल्टीत काम मिळतंय, म्हणून दरवर्षी कितीतरी पोरंपोरी या कोर्सला येतात. गारगोटी, राधानगरी, मलकापूर, कागल, कुठून कुठून एसटीनं नाहीतर वडापनं रोजची ये-जा करतात, वर्ग करतात, हॉस्पिटलात पोस्टिंगला उभे राहतात, आणि परीक्षा महिन्यावर आली की मग सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "एवढं सगळं पाठ कसं करायचं?" त्यांच्यासाठीच हे लिहितोय. कोर्स अजून लावायचाय त्यांनी पण वाचा, पुढं उपयोगाला येईल.

सगळ्यात आधी एक सांगतो आणि बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. ही परीक्षा "हे काय आहे" असं कमी विचारते आणि "आता आधी काय करशील" असं जास्त विचारते. थिअरीत तेच, प्रॅक्टिकलला तेच, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तर निव्वळ तेच. बऱ्याचदा चारही पर्याय बरोबर वाटतात पण पहिलं कुठलं ते ओळखायचं असतं. म्हणून पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसण्यात वेळ घालवू नका, क्रम पाठ करा आणि तो तोंडानं बोलत हातानं करून बघा.

आधी बघा, कुठली परीक्षा देताय

आपल्याकडं ईएमटी म्हणून वेगवेगळे कोर्स चालतात. एक म्हणजे हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा, त्यात ईएमटी बेसिक आणि त्याच्या वरचा ईएमटी अ‍ॅडव्हान्स्ड. याला थिअरी, प्रॅक्टिकल आणि व्हायवा असं असतं आणि परीक्षा घ्यायला माणूस बाहेरून येतो, तुमचे सर-मॅडम नाही. दुसरं म्हणजे विद्यापीठं आणि कॉलेजांचे डिप्लोमा, त्यांचे पेपर त्यांच्या पद्धतीचे. अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधीच विचारायचं, सर्टिफिकेट कुणाचं मिळणार, परीक्षा कोण घेणार, आणि सेंटरचं नाव स्किल इंडियाच्या पोर्टलवर दिसतंय का. नुसतं भिंतीवर लावलेलं फ्लेक्स बघून पैसे भरू नका, घरच्यांनी पै पै जोडलेले असतात.

स्किल कौन्सिलचा कोर्स असेल तर क्वालिफिकेशन पॅक नावाचं एक पीडीएफ असतं, नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टरच्या साईटवर फुकट मिळतं. बहुतेक जण ते उघडतच नाहीत आणि हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण परीक्षक काय काय तपासणार आणि कुठल्या भागाला थिअरीत किती, प्रॅक्टिकलला किती, व्हायवाला किती मार्क हे त्यातच छापलेलं असतं. प्रिंट काढा, पेन घेऊन बसा, आणि प्रत्येक ओळीपुढं लिहा, हे मला येतं, हे अर्धवट येतं, हे कधी केलंच नाही. तिसऱ्या प्रकारच्या ओळी म्हणजे तुमचा अभ्यास. पासिंग किती आणि पेपर कुठल्या भाषेत हेही सेंटरला आत्ताच विचारून घ्या. इंग्रजीत असला तरी घाबरायचं कारण नाही, तेच तेच शंभर-दीडशे शब्द फिरून फिरून येतात.

एक अजून. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली, तिच्या गाडीवर डॉक्टर असतात आणि सोबत पायलट, म्हणजे ड्रायव्हर. त्यामुळं "ईएमटी झालो की १०८ वर लागलो" असं धरून चालू नका. हॉस्पिटलच्या स्वतःच्या अँब्युलन्स, कॅज्युअल्टी, शिरोली-गोकुळ शिरगावसारख्या एमआयडीसीतली फर्स्ट एड सेंटरं, मोठे कार्यक्रम, अशा ठिकाणी कामं शोधायची. हे अभ्यासाच्या आधी माहीत असलेलं बरं.

यूट्यूबवरचं अमेरिकेचं असतं, जरा जपून

मोबाईलवर ईएमटी प्रॅक्टिस टेस्ट शोधली की जे येतं ते जवळजवळ सगळं अमेरिकेतल्या नॅशनल रजिस्ट्रीच्या परीक्षेसाठी बनवलेलं असतं. ती परीक्षा कॉम्प्युटरवर होते, दोन तासांत ७० ते १२० प्रश्न, आणि तुमच्या उत्तराप्रमाणं पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत जातो. आपली तशी नाही. ते प्रश्न सोडवा, जरूर सोडवा, विचार करायची सवय त्यातूनच लागते, पण काही ठिकाणी ते सरळ खड्ड्यात घालतात, ती ठिकाणं सांगतो.

औषधांची नावं वेगळी असतात. ते एपिनेफ्रिन म्हणतात ते आपलं अ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे साधं पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. वजन पाउंडात, ताप फॅरनहाइटमध्ये, नंबर ९११. आपला ११२ आणि १०८.

दुसरं जरा महत्त्वाचं आहे. त्यांच्या प्रश्नात पेशंट बेशुद्ध आणि डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असल्या की उत्तर जवळजवळ ठरलेलं, नशेचं औषध जास्त झालंय, त्यावरचा उतारा नॅलोक्सोन द्या. आपल्याकडं शेतातून आणलेल्या माणसाच्या बाहुल्या तशा दिसल्या तर डोक्यात पहिलं आलं पाहिजे ते कीटकनाशक, ऑर्गॅनोफॉस्फेट. फरक कसा ओळखायचा? नशेचा पेशंट बहुतेक कोरडा असतो आणि श्वास मंद पडलेला. कीटकनाशकवाला ओला असतो, तोंडातून लाळ-फेस, डोळ्यातून पाणी, अंगभर घाम, उलटी, जुलाब, कपड्यात लघवी झालेली, छातीत घरघर. हा फरक व्हायवाला विचारला आणि तुम्ही असा सांगितला की समोरच्याला कळतं, पोरानं पेशंट बघितलेला आहे.

तिसरं म्हणजे ऑक्सिजन सिलिंडर. त्यांच्या पुस्तकातलं डी सिलिंडर हातात उचलून नेता येतं, जेमतेम चारशे लिटरचं. आपल्याकडं डी टाईप म्हणजे वॉर्डात उभं असतं ते जंबो, सात हजार लिटरचं. उचलून न्यायचं ते आपलं बी टाईप, साधारण १५०० लिटर. त्यामुळं त्यांची गणितं, ते पीएसआय आणि ते ०.१६ बिगिरे आकडे इथं लावू नका. आपलं गणित सोपं आहे, गेजवरचा दाब (बारमध्ये) गुणिले सिलिंडरची पाण्याची क्षमता. बी टाईपची क्षमता १० लिटर. गेज १०० दाखवतोय म्हणजे १०० गुणिले १०, हजार लिटर शिल्लक. मास्कला मिनिटाला १० लिटर लावलंय तर १०० मिनिटं. आता गगनबावड्याहून पेशंट घेऊन पावसात कोल्हापूरला यायचंय, दीड तास धरा, म्हणजे ९० मिनिटं. कागदावर पुरतंय, पण सिलिंडर शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचा नसतो आणि वाटेत झाड पडलेलं असू शकतं, तर उत्तर काय? दुसरा सिलिंडर घेतल्याशिवाय निघायचं नाही. असली गणितं रोज एक करा, आकडे बदलून बदलून.

क्रम, क्रम आणि क्रम

आता मुख्य कामाला येऊ. हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. आधी सीन, म्हणजे जागा सुरक्षित आहे का, ग्लोव्हज घातले का, काय घडलंय, किती पेशंट आहेत, आणखी मदत लागणार का, मानेला इजा असू शकते का. मग पेशंटकडं बघून पहिलं मत, शुद्धीवर आहे का, ते एव्हीपीयूवर ठरवायचं, म्हणजे जागा आहे, आवाजाला प्रतिसाद देतोय, दुखवल्यावर देतोय की काहीच नाही. मग जोरात वाहणारं रक्त, मग एअरवे म्हणजे श्वासाची वाट, श्वास, रक्ताभिसरण. त्यानंतर ठरवायचं की लगेच हलवायचा का इथं थांबून तपासायचा. मग पेशंटचा इतिहास, व्हायटल्स म्हणजे नाडी-श्वास-बीपी, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, आणि वाटेत परत परत तपासत राहायचं, सिरीयस असेल तर दर ५ मिनिटांनी, स्थिर असेल तर दर १५.

हे नुसतं पाठ करून भागत नाही, प्रश्नात कसं येतं ते बघा. समजा असा प्रश्न आहे. शिरोली पुलाजवळ हायवेला मोटरसायकल घसरलीय, हेल्मेट नाही, माणूस रस्त्यात पडलाय, घशातून घुरघुर आवाज येतोय आणि मांडीतून रक्त उसळतंय. तुम्ही पोहोचलात, पहिल्यांदा काय कराल? पर्याय आहेत ऑक्सिजन लावणं, मानेला कॉलर घालणं, मांडीवर जोरात दाबणं, आणि जागा सुरक्षित करून घेणं.

बरेच जण मांडी धरतात, कारण रक्त डोळ्यासमोर येतं. पण प्रश्नात "पोहोचलात" एवढंच म्हटलंय, जागा सुरक्षित आहे असं कुठंच लिहिलेलं नाही, मागून ट्रक येतायत, म्हणून उत्तर जागा सुरक्षित करणं. आता त्याच प्रश्नात एक ओळ घाला, "पोलिसांनी वाहतूक थांबवली आहे, तुम्ही ग्लोव्हज घातले आहेत." झालं, उत्तर बदललं, आता मांडीवर दाब, कारण उसळणारं रक्त मिनिटांत माणूस संपवतं. आणखी एक ओळ घाला, "तुमच्या जोडीदारानं रक्त थांबवलं आहे." आता एअरवे. आणि एअरवे कसा उघडणार? डोकं मागं वाकवून नाही, मानेला इजा असू शकते म्हणून जबडा पुढं ढकलून, म्हणजे जॉ थ्रस्ट, आणि घुरघुर म्हणजे आत पाणी-रक्त साचलंय म्हणून सक्शन, मोठ्या माणसाला १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. ऑक्सिजन अजून आलेलाच नाही बघा, कारण बंद नळीत ऑक्सिजन लावून काय होणार.

असा एक प्रश्न घेऊन त्याच्यात एकेक ओळ वाढवत उत्तर कसं बदलतंय ते दोघंतिघं मिळून करा. एका संध्याकाळी दोनच प्रश्न होतील पण ते दोन प्रश्न पन्नास एमसीक्यूचं काम करतात, हे मी मनापासून सांगतोय.

इतिहास घ्यायला सॅम्पल आणि ओपीक्यूआरएसटी, म्हणजे विचारायच्या प्रश्नांच्या आद्याक्षरांच्या दोन याद्या, इंग्रजी अक्षरांनीच पाठ करा, पण पेशंटला विचारायचे प्रश्न मराठीत तयार ठेवा. आजीला "ऑनसेट कधीचा" विचारून चालणार नाही. "आजी, दुखायला कधीपासून लागलं? काय करत होता तवा? दुखणं दाबल्यासारखं हाय का टोचल्यासारखं? कुठं सरकतंय का, हातात, जबड्यात? गोळ्या कुठल्या चालू हायत? कशाची अ‍ॅलर्जी? सकाळपासून काय खाल्लंय?" परीक्षक पेशंट होऊन बसतो तेव्हा असं विचारणारी पोरं लगेच उठून दिसतात.

आकडे, जे पाठच लागतात

इथं पर्याय नाही. एका वहीच्या पानावर लिहा, घरात कपाटाच्या दारावर चिकटवा.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं, त्याचे आकडे, मोठ्या माणसाला छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, खोली किमान ५ सेंटिमीटर पण ६ च्या वर नाही, ३० दाबांना २ श्वास. लहान मूल किंवा बाळ असेल आणि वाचवणारे दोघं असतील तर १५ ला २. बाळाची खोली साधारण ४ सेंटिमीटर. नाडी आणि श्वास बघायला १० सेकंदांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. नाडी आहे पण श्वास नाही तर मोठ्याला दर ६ सेकंदांनी एक श्वास, लहानाला दर २ ते ३ सेकंदांनी एक. मशीननं हृदयाला शॉक दिल्यावर नाडी बघत बसायचं नाही, लगेच दाबायला सुरुवात.

नाकातली नळी १ ते ६ लिटर, पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क १० ते १५ लिटर आणि पिशवी आधी भरून घ्यायची. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०, नाडी ६० ते १००. साखर ७० च्या खाली म्हणजे कमी. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा अपगार, म्हणजे तब्येतीचा स्कोअर, १ आणि ५ मिनिटाला.

जीसीएस, म्हणजे शुद्धीचा स्कोअर, ३ ते १५ असतो, डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६. सराव असा करा, दुखवल्यावर डोळे उघडतोय म्हणजे २, नुसता कण्हतोय, शब्द नाही म्हणजे २, दुखवलेला हात मागं ओढतोय म्हणजे ४, एकूण ८. भाजल्याचा नऊचा नियम तसाच, डोकं ९, एकेक हात ९, पुढचं धड १८, मागचं १८, एकेक पाय १८, जननेंद्रियाचा भाग १. उजवा हात पूर्ण आणि छाती-पोट पुढून भाजलंय तर ९ आणि १८, सत्तावीस टक्के.

आणि एक लक्षात ठेवा, हे नियम अधूनमधून बदलतात. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२५ ला नवीन गाईडलाईन काढल्यात, त्यात घशात काही अडकलेल्या मोठ्या माणसाला आणि मुलाला आधी ५ वेळा पाठीवर थाप आणि मग ५ वेळा पोटावर दाब असं आळीपाळीनं सांगितलंय, आणि बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची जुनी पद्धत काढून टाकलीय. तुमचं पुस्तक जुनं असेल तर त्यात वेगळं असणार. सेंटरला सरळ विचारा, आमची परीक्षा कुठल्या सालच्या नियमांवर होणार, आणि जे सांगतील तसंच लिहा.

हात बसवणं

वाचण्यासाठी अभ्यासिका चांगलीच. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं, शहरात गल्लोगल्ली दुसऱ्या अभ्यासिका पण आहेत. पण प्रॅक्टिकल अभ्यासिकेत होत नाही, तिथं मोठ्यानं बोलता येत नाही आणि ही परीक्षा मोठ्यानं बोलायची आहे. परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही. तुम्ही मनात "सीन सेफ" म्हणालात आणि पुढं गेलात तर त्याच्या कागदावर ती चौकट रिकामी राहते. म्हणून दोस्तांना घेऊन गच्चीवर जा, एक पेशंट, दोघं ईएमटी, एक जण यादी घेऊन टिक करणारा. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी बोलायची, "ग्लोव्हज घातले, जागा सुरक्षित आहे, एकच पेशंट आहे, मी मान धरतोय."

बीपी घरी शिका, मशीनचं नाही, हातानं फुगवायचं. दंड उघडा, शर्टाच्या बाहीवरून नाही, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला. मनगटाची नाडी धरून कफ फुगवा, नाडी गेली की त्याच्यावर अजून २० ते ३० पर्यंत न्या, मग स्टेथोस्कोप कोपराच्या आतल्या बाजूला ठेवून हळू सोडा, सेकंदाला २-३ च्या हिशोबानं. पहिला ठोका वरचा आकडा, ठोके गायब होतात तो खालचा. घरातल्या सगळ्यांचं घ्या, शेजारच्या काकूंचं घ्या. जाड दंडाचं, बारीक दंडाचं, म्हाताऱ्या माणसाचं वेगळं ऐकू येतं आणि ते फक्त घेऊन घेऊनच कळतं.

बॅग-मास्क, म्हणजे पिशवी पिळून श्वास द्यायचा मास्क, ही सगळ्यात फसवी गोष्ट. दिसायला सोपी आणि हवा बाजूनं निसटून जाते. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, इंग्रजी सी सारखी, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली ई सारखी, आणि मास्क तोंडावर खाली दाबायचा नाही तर जबडा वर मास्कात ओढून घ्यायचा. बोटं मऊ भागात रुतली तर तुम्हीच एअरवे दाबता. पिशवी एका सेकंदात पिळायची, छाती वर आली की थांबायचं, पूर्ण पिळायची नाही नाहीतर हवा पोटात जाते आणि पेशंट उलटी करतो. मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, मोकळा असेल तेव्हा सेंटरला थांबून हेच करा. छाती दाबणं आणि तोंडात एअरवेची नळी घालणं मात्र जिवंत माणसावर सराव म्हणून कधीच करू नका, दोस्तावर पण नाही. घरी वेग बसवायचा असेल तर घट्ट उशी घ्या.

तोंडातल्या एअरवेचं माप तोंडाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, नाकातल्याचं नाकपुडीपासून कानापर्यंत. तोंडातला फक्त घशाला उमाळा येत नसेल तरच, आणि कवटीच्या तळाला इजा वाटत असेल तर नाकातला टाळायचा. हे दोन्ही हमखास विचारतात. लॉग रोलला, म्हणजे पेशंटला ओंडक्यासारखा सरळ वळवताना, हुकूम डोक्याजवळच्या माणसाचा, "तीन म्हटल्यावर", आणि बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं.

आपल्या भागातलं नीट करा

साप, औषध (कीटकनाशक) पिणं आणि पूर, हे तीन विषय पुस्तकात दोन-तीन पानांत संपतात पण इथं काम करणाऱ्याला ते रोजचे आहेत, आणि इथल्या व्हायवाला ते निघणारच.

साप चार लक्षात ठेवा, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पहिल्या दोघांचं विष नसांवर जातं, पापण्या जड होतात, बोलणं-गिळणं अवघड होतं आणि मग श्वास थांबतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि जागेवर दुखत पण नाही, माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. घोणस-फुरश्यानं रक्त गोठेनासं होतं, सूज, हिरड्यातून रक्त. करायचं काय, तर माणसाला शांत झोपवायचं, चालू द्यायचं नाही, चावलेला हात-पाय हाड मोडल्यासारखा बांधून स्थिर करायचा, अंगठी-बांगड्या-जोडवी काढायची, चावल्याची वेळ लिहायची, आणि हॉस्पिटलला आधी कळवायचं की सापाचा पेशंट घेऊन येतोय म्हणजे तिथं लस तयार राहते. करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं, घट्ट दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप पकडायला जायचं नाही. परीक्षेत टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा, दोन ठिकाणी येतं, जोरात रक्तस्राव असेल तर हो, जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही आणि लावल्याची वेळ लिहायची, आणि साप असेल तर नाही. दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाठ करा.

औषध प्यालेल्यात आधी स्वतःला जपायचं, ग्लोव्हज, मास्क, गाडीच्या खिडक्या उघड्या. भिजलेले कपडे काढायचे, अंग पाण्यानं धुवायचं, तोंड सक्शननं साफ ठेवायचं, कुशीवर वळवायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, घरचे आग्रह करतील तरी नाही. बाटली सोबत घ्यायची. आणि त्या पेशंटशी आणि घरच्यांशी बोलताना एक शब्दही टोचून बोलायचा नाही, हे मार्कांसाठी नाही सांगत.

पुराचं इथं वेगळं सांगायला नको, २००५, २०१९, २०२१ सगळ्यांनी बघितलंय, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे शाळकरी पोरं पण सांगतात. परीक्षेसाठी लक्षात ठेवायचं ते हे, बुडालेल्या माणसाचा प्राणवायू आधी संपलेला असतो म्हणून त्याला सीपीआर करताना पहिल्यांदा श्वास द्यायचे, मग छाती. नेहमीच्या क्रमाच्या उलट. पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. आणि स्वतः पाण्यात उडी मारायची नाही, तो पर्याय दिसला की तो चुकीचाच.

जोतिबाच्या यात्रेसारखी गर्दी, चेंगराचेंगरी, म्हणजे ट्रायाज, कुणाला आधी बघायचं ते रंगानं ठरवणं. चालू शकणारे हिरवे. श्वासच नाही, एअरवे उघडून पण नाही, तर काळा. श्वास ३० च्या वर, किंवा नख दाबून रंग परत यायला २ सेकंदांच्या वर, किंवा साधा हुकूम ऐकत नाही, या तिन्हींपैकी एक जरी असलं तरी लाल. उरलेले पिवळे. एका पेशंटजवळ अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचं नाही आणि सीपीआर चालू करायचं नाही, हे मनाला जड जातं पण उत्तर तेच आहे.

कंटाळवाणं वाटतं पण मार्क देतं

कचऱ्याचे रंग, २०१६ च्या नियमाप्रमाणं. रक्तानं भिजलेला कापूस-बँडेज पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या, ग्लोव्हज असलं प्लास्टिक लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. सुईला टोपण परत घालायचं नाही. संमती, बेशुद्ध माणसाची गृहीत धरायची, शुद्धीतला नको म्हणाला तर समजावायचं, तरी नको तर लिहून सही घ्यायची. अपघात, विषबाधा, मारामारी म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवायची केस, कपडे फाडताना वार झालेल्या भोकातून कात्री घालायची नाही. अँब्युलन्सचे चार प्रकार ए, बी, सी, डी, त्यात सी म्हणजे बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) आणि डी म्हणजे एएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट). हे सगळं दोन संध्याकाळी होतं. उगाच सोडू नका.

शेवटचा महिना

सकाळी डोकं ताजं असताना आकडे आणि थिअरी, संध्याकाळी हात. पोस्टिंग थोरल्या दवाखान्यात असो नाहीतर दुसरीकडं, तिथं मोबाईल खिशात ठेवा आणि कॅज्युअल्टीत येणारा प्रत्येक पेशंट मनात आपल्या क्रमात बसवा, सिस्टर-ब्रदरना मोकळेपणानं विचारा, हातातलं काम संपलं की सांगतात. घरी आल्यावर त्यातल्या एका पेशंटवर चार ओळी लिहा, नाव-गाव न लिहिता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवीन काही वाचू नका, फक्त त्या प्रिंटमधल्या "अर्धवट येतं" वाल्या ओळी. रात्रीचं जागरण करून प्रॅक्टिकलला गेलात की हात थरथरतात, झोपा.

परीक्षेच्या दिवशी युनिफॉर्म, ओळखपत्र, हॉल तिकीट, घड्याळ सेकंदकाट्याचं, नाडी मोजायला लागतं. पावसाळा असेल आणि गावाकडून येणार असाल तर आदल्या रात्रीच शहरात कुणाकडं तरी मुक्कामाला या, रस्ता बंद झाला ही सबब परीक्षक ऐकेल याची खात्री नाही.

प्रश्न पूर्ण वाचा, शेवटची ओळ दोनदा. पर्यायात पेशंटला इजा करणारे आधी खोडा, मग तुमच्या कामाच्या बाहेरचे खोडा, बेसिकचा ईएमटी सापाची लस स्वतः ठरवून देत नाही. उरलेल्या दोनात क्रम लावा. प्रॅक्टिकलला मध्येच आठवलं की काहीतरी राहिलं तर तिथंच मोठ्यानं सांगा, "सर, मी ग्लोव्हज सांगायचे राहिले, आत्ता घालतोय," गप्प बसून पुढं ढकलू नका. व्हायवाला उत्तर आलं नाही तर गोल गोल बोलू नका. "मॅडम, हे मला नक्की माहीत नाही, अशा वेळी मी एबीसी, म्हणजे एअरवे, श्वास, रक्ताभिसरण, सांभाळेन आणि डॉक्टरांना फोन लावून विचारेन" हे उत्तर चालतं, आणि गाडीत बसल्यावर तुम्ही नेमकं तेच करणार असता.

पास झालात की बीएलएसचं कार्ड वेगळं काढून ठेवा, नोकरीला विचारतात, दोन वर्षं चालतं, मग परत करायला लागतं. अभ्यासाच्या वह्या रद्दीत घालू नका, पुढच्या बॅचला द्या.